गादीवाफ्यातली घागर

माझे वरचे दोन दात खोटे आहेत, आणि माझ्या मोठ्या भावाचा उजवा अंगठा तो वारेपर्यंत पुन्हा वाकला नाही. दोन्ही गोष्टी नागपूरच्या एका गच्चीवर, वैशाखातल्या एकाच दुपारी, पाच मिनिटांच्या आत घडल्या. कशावरून, असं कुणी विचारलं की मी खरं सांगतो. मिरचीच्या चार झाडांवरून. लोक हसतात. मीही पूर्वी हसायचो, आता हसत नाही.

आम्ही भिवापूरकडचे. वडिलांची मिरचीची शेती होती आणि त्यांचा हातही मिरचीसारखाच होता. रोपांसाठी उंच गादीवाफा घालायचा, त्याच्या कडा दोरीत सरळ आल्या पाहिजेत. वाकड्या आल्या तर बैल हाकायची काठी आमच्या पाठीवर पडायची. आम्ही दोघं भाऊ वाफे घालायला असेच शिकलो, आणि एकमेकांना मारायलाही तिथेच शिकलो. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील मला मारायचे ते कमी पडलं तर उरलेलं तो पूर्ण करायचा. मोठा झाल्यावर मीही परतफेड करू लागलो. आमच्या घरी बोलून मिटलेलं भांडण मला आठवत नाही.

वडील गेले तोवर आम्ही दोघंही नागपूरला नोकरीत रुतलो होतो. भाऊ एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा, मी रामदासपेठेतल्या एका कचेरीत कारकून. शेत करायला कुणी उरलं नाही, ते विकलं गेलं. शेवटच्या दिवशी भावाने घरात टांगलेल्या वाळक्या मिरच्यांचा झुबका तेवढा काढून आणला. वडील दरवर्षी सगळ्यात चांगल्या झाडाच्या मिरच्या बियाण्याला ठेवत आणि त्यांच्याही वडिलांनी तेच केलेलं. बाजारात भिवापुरी म्हणून मिळते ती वेगळी आणि ही आमची वेगळी, असं आम्ही दोघंही छातीठोकपणे सांगायचो. आमचं एकमत होणारी ती एकमेव गोष्ट.

मिरचीचं बी फार वर्षं टिकत नाही. ते पेरत राहिलं तरच राहतं. शेत तर गेलेलं. म्हणून एकोणीसशे सत्तरच्या आसपास आम्ही भाड्याच्या घराच्या गच्चीवर शेती मांडली. तेलाचे पिपे, फुटके माठ, संत्र्यांच्या लाकडी पेट्या, जे मिळेल त्यात माती भरली. पहिल्या वर्षी पिपे उन्हाने इतके तापले की मुळं आतल्या आत शिजली. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात रोपं छान आली आणि मग बोकड्या पडला. पानं चुरगाळून गोळा झाली. बी सगळं संपलेलं. त्यातून चारच झाडं निरोगी वाचली, पण ती वाढीला मागे पडली होती, त्या हिवाळ्यात एकही मिरची धरली नाही. म्हणजे ती चार झाडं उन्हाळ्यातून पार पडली, तर पुढच्या हिवाळ्यात फळ आणि फळात बी. नाही पडली तर तीन पिढ्यांचं बी आमच्या हातून संपणार होतं. हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच आम्ही एकमेकांच्या उरावर बसलो.

भावाने फाल्गुनात विटा रचल्या, माती आणली आणि गच्चीवर हुबेहूब वडिलांसारखा गादीवाफा घातला. हातभर उंच, कडा सरळ. त्यात चारही झाडं हलवली. मी सांगत होतो की वडील गादीवाफा पावसाळ्यात घालायचे, पाणी निघून जावं म्हणून. नागपूरच्या उन्हात असा उंच वाफा चारही बाजूंनी सुकतो. इथे उलट खड्डा पाहिजे, माठात खोलवर लावायला पाहिजे. मला जितकं पटत होतं तितकंच मी ओरडून सांगितलं. भावाने वीट उचलून माझ्या दिशेने फेकली. ती चुकली आणि जिन्याच्या दाराची फळी फुटली. मी फळीचा तुकडा घेऊन त्याच्या पोटरीवर हाणला. वहिनी आणि माझी बायको खाली स्वयंपाक करत होत्या, त्या वर आल्यासुद्धा नाहीत. आमचा आवाज ऐकून भाजी किती शिजली हे त्यांना कळत असावं.

वाफा राहिला. चैत्र लागला आणि मी म्हणत होतो तसंच झालं. सकाळी पाणी घातलं की दहा वाजता माती फुफाटा. नळ सकाळी जेमतेम तासभर यायचा, त्यात दोन संसार. आंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं, सगळं पाणी वर जायचं. मी जुनं गोणपाट ओलं करून बांधलं, तेही दुपारपर्यंत कडक व्हायचं. संध्याकाळी पानं उभी राहायची, दुसऱ्या दुपारी पुन्हा माना टाकायची. मला त्या झाडांची दया यायची आणि भावाचा राग, दोन्ही एकाच वेळी.

माझ्या कचेरीशेजारच्या एका बंगल्यात म्हातारा माळी होता. त्याची वांगी ऐन उन्हाळ्यात टवटवीत. मी कारण विचारलं तर त्याने वाफ्यात मानेपर्यंत पुरलेली घागर दाखवली. घागरीत पाणी भरायचं, वर झाकण ठेवायचं, ते आतून झिरपत राहतं आणि मुळं त्याच्याभोवती गोळा होतात. मी त्या संध्याकाळीच घरातला जुना माठ वर नेऊन वाफ्यात पुरला. चार दिवस झाले, त्यातलं पाणी बोटभरही उतरलं नाही, तेव्हा तो उकरून काढला. माळ्याला सांगितलं तर तो मनसोक्त हसला.

"जुन्या माठाचे भोकं बुजले राह्यते गा," तो म्हणाला. "कोरी घागर पाह्यजे. एकदा बी पाणी न भरलेली."

आता इथे माझी चूक सुरू होते. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. कोरी घागर आणायची, तिच्यात पाणी भरून पूजा करायची, गेलेल्यांच्या नावाने ते पाणी द्यायचं. त्याआधी त्या घागरीला कुणी थेंब लावत नाही. भाऊ शनिवारीच कुंभाराकडून वाजवून वाजवून घागर घेऊन आला होता आणि ती देवाजवळ पालथी ठेवली होती. सोमवारी वडिलांची घागर भरायची.

मधला तो रविवार होता. छापखान्यात निवडणुकीची कामं होती म्हणून भाऊ रविवारीही गेलेला. दुपारी बाराला मी गच्चीवर गेलो तर चारही झाडं वाकून वाफ्याच्या कडेला टेकली होती. एकाची पानं हाताला लागताच कुस्करली. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की संध्याकाळपर्यंत ही मरतील. भर उन्हात बाजार बंद, कुंभार झोपलेला. संध्याकाळी दुसरी घागर आणू, भावाला कळणारही नाही, असा मी हिशोब केला. देवाजवळची घागर उचलली, वर नेली, खुरप्याने चार झाडांच्या मधोमध खोल खड्डा केला आणि ती मानेपर्यंत पुरली. मोरीतली धुण्याची बादली होती, तेच पाणी ओतलं. थोड्या वेळात घागरीभोवतीची माती काळी पडू लागली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उन्हात बसून राहिलो.

भाऊ त्या दिवशी लवकर आला. देवाजवळ घागर दिसली नाही म्हणून तो सरळ वर आला. मी खुरप्याने माती सारखी करत होतो. तो वाफ्याजवळ उभा राहिला, घागरीचं तोंड पाहिलं, त्यातलं गढूळ साबणाचं पाणी पाहिलं.

"हे काय करून राह्यला तू?" तो अगदी हळू म्हणाला. "बाबाच्या घागरीत धुण्याचं पाणी?"

मी म्हणालो, झाडं मरत होती, संध्याकाळी दुसरी आणतो. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून मी पुढे म्हणालो, की बाबांना पाणी पाजण्यापेक्षा बाबांच्या मिरचीला पाजलेलं बरं, आणि तुझा गादीवाफा नसता तर ही वेळच आली नसती. हे खरं होतं. म्हणूनच बोलायला नको होतं.

त्याने कडेची वीट उपटली आणि घागर फोडायला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. घागर फुटली असती तर चारही झाडं मुळासकट हादरली असती. मी विचार केला नाही. हातात खुरपं होतं, ते मी त्याच्या हातावर मारलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधे ते रुतलं आणि मी ओढलं तसं आणखी खोल गेलं. वीट घागरीच्या बाजूला पडली. त्याचं रक्त घागरीच्या काठावर पडलं आणि आत पाण्यात गेलं. डाव्या हाताने तीच वीट उचलून त्याने माझ्या तोंडावर मारली. मी वाफ्याच्या कडेवर पालथा पडलो, तोंडात माती आणि दात एकत्र आले. तो पुन्हा मारायला आला असता, पण त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा बाजूला लोंबत होता. त्याने डाव्या हाताने तो जागेवर धरला आणि खाली बसला.

वहिनीने पदर फाडून हात बांधला. दवाखान्यात भावाने सांगितलं की निंदताना आपल्याच हाताने खुरपं लागलं. डॉक्टरने माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि टाके घालायला घेतले. शिवून झाल्यावर तो म्हणाला की शीर तुटली आहे, अंगठा राहील पण वाकेल याची खात्री नाही. भाऊ ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं ऐकत होता. खिळे उचलायचे ते अंगठ्याने आणि बोटाने, दिवसभर, हजारोंनी. हे डॉक्टरला माहीत नव्हतं. मला होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी घागर भरली नाही. पंधरवड्याने टाके सुकले तरी अंगठा काठीसारखाच राहिला. छापखान्यातून त्याला घरी बसवलं. वहिनीच्या भावाचं सावनेरला घर होतं, तिकडे जायचं ठरलं. भाऊ माझ्याशी एक अक्षरही बोलला नाही. निघताना ट्रंक उचलायला मी पुढे झालो तर वहिनीने ती माझ्या हातून ओढून घेतली.

"तुमच्या मिरच्याइले पाणी द्या भाऊजी," ती म्हणाली. "त्याइची काळजी घ्या."

मी घेतली. लाज वाटत होती तरी घेतली, किंवा लाज वाटत होती म्हणूनच. रोज सकाळी घागर भरली की दुसऱ्या सकाळपर्यंत ती अर्धी व्हायची. नवतपा, उन्हाच्या कहराचे ते नऊ दिवस, आला, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटू लागलं, आणि वाफ्यातलं एकच झाड गेलं. तीन जगली. पावसात ती अशी फोफावली की माझ्या कमरेला लागली. हिवाळ्यात मिरची लाल झाली, बुटकी, जाड सालीची, वडिलांच्या शेतातल्यासारखीच. बायकोने ती हातात घेतली नाही. संक्रांतीनंतर झाडांवर पुन्हा बोकड्या दिसला, तेव्हा मी ती उपटून जाळली. आता जे होतं ते वाळवलेल्या मिरच्यांत होतं. सगळ्या एका फडक्यात बांधल्या, एकही मागे ठेवली नाही, आणि सावनेरची बस पकडली.

मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगतो. माफी मागायला मी गेलो नव्हतो, माफी मागणं आम्हाला येत नव्हतं. भावाने फडकं सोडावं, मिरच्यांचे दोन वाटे करावेत आणि एक माझ्यापुढे सरकवावा, एवढंच मला हवं होतं. लहानपणी बोरं असोत की ऊस, मारामारी झाल्यावर वाटे तोच करायचा.

तो अंगणात आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीपुढे बसला होता, डाव्या हाताने तुराट्या सारत होता. मी फडकं त्याच्यासमोर ठेवलं. त्याने एक मिरची दातांनी फोडली, बी तळहातावर घेतलं, बराच वेळ पाहिलं.

"बाबाचीच आहे," तो म्हणाला.

मग त्याने फडकं डाव्या हाताने उचललं आणि तसंच्या तसं चुलीत टाकलं.

मला समजायला एक क्षण लागला. मी चुलीत हात घातला, पण फडक्याने पेट घेतला होता. ठसका असा उठला की घरातली सगळी माणसं खोकत बाहेर पळाली, शेजारच्या अंगणातून शिव्या आल्या. मी त्याची गचांडी धरली आणि त्याच्या तोंडात मारली. एकदा, मग पुन्हा. त्याने हात वर केला नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझा मार उलट न मारता घेतला. मी त्याला सोडलं. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातोंडातून गळत होतं, आणि तो माझ्याकडे पाहत होता.

"झालं?" तो खोकत म्हणाला. "आता आपल्यात भांडाले काही राह्यलं नाही. चाल, जेवाले बस."

त्या क्षणी मी त्याचा जितका द्वेष केला तितका कधीच केला नव्हता. तरी मी हातपाय धुतले आणि त्याच्या शेजारी पाटावर बसलो. वहिनीने वरण वाढलं. भाजी वांग्याची होती, आणि तिच्यात बाजारची मिरची होती.