रोनन

आयर्लंडमधल्या त्या छोट्याशा बंदरात पाण्यातून एक काळं, गोल डोकं वर आलं. सील होता. ओल्या, मोठ्या डोळ्यांनी किनाऱ्यावर कुणाला तरी शोधल्यासारखं त्यानं पाहिलं आणि सावकाश पाण्याखाली गेला.

"रोनन म्हणजे छोटा सील," शेजारी उभ्या असलेल्या वहिनीच्या आई म्हणाल्या. "माझ्या वडिलांचं नाव. मासे धरायला गेले, ते आलेच नाहीत. समुद्रात गेलेली माणसं सील होतात, असं आजी म्हणायची. पण नंतर ते नाव घरात कुणी घेतलं नाही."

मी भाच्याच्या बारशाला आले होते. खरं तर आमच्या वडिलांचं, अण्णांचं नाव ठेवतील अशी मला आशा होती, आणि बाळासाठी ठरलेलं हे नाव फार परकं वाटलं होतं. आता त्या हलत्या पाण्याकडे बघताना वाटलं, नावंही अशीच खोल कुठेतरी पोहत असतील, कुणी हाक मारेपर्यंत.

संध्याकाळी पाळणा सजला. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, हे मी सगळ्यांना आधीच शिकवून ठेवलं होतं. मी वाकले. "कुर्रर्र... रोनन." धपाटे पडले, हशा उसळला. एक हात मात्र पाठीवर नुसताच टेकून राहिला.

"पुन्हा म्हणा," वहिनीच्या आई मागून पुटपुटल्या, "जरा मोठ्यानं."