कोयतीने तोडलेली लाइन

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, कोयता घासण्याच्या आवाजाने. दगड ओला करायचा, पातं एकाच दिशेने ओढायचं, मग धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायची. नख खरवडलं तर धार आली. घरातले शिव्या घालून कूस बदलायचे. ही माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. कामावर आम्ही तिला कोयती म्हणायचो आणि तिला ते आवडायचं.

नवरा गेल्यापासून ती थोरल्या दिराकडे राहायची. दीर स्कूटर दुरुस्त करायचा. त्याचा आधी हात उठायचा, तोंड नंतर उघडायचं.

आम्ही दोघं रान तोडायच्या कामावर होतो. दोन जंगलं आणि त्यांना जोडणारा काटेरी झुडपांचा एक अरुंद पट्टा. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना शेतं आणि खडी फोडायची यंत्रं. हे काम ज्या शास्त्रासाठी चाललं होतं त्याचं नाव लांबलचक आहे, भूदृश्य परिसंस्थाशास्त्र. काम चालवणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी ते आम्हाला एका वाक्यात सांगितलं होतं: जंगल किती उरलंय एवढंच बघायचं नाही, उरलेले तुकडे एकमेकांना धरून आहेत का ते बघायचं. जनावरं पट्ट्यातून जातात का, कुठून जातात, हे त्या मोजत होत्या. बाईंचा एक पाय लहानपणापासून लुळा, त्या कुबडीवर चालायच्या. नकाशे काढणाऱ्याला ऐकू येत नव्हतं. तो हाताच्या खुणांनी बोलायचा, आणि आम्ही सगळे त्या खुणा शिकलो होतो, शिव्यांसकट. जेवायला सगळे एकाच ताडपत्रीवर बसायचे.

मोजणीसाठी झुडपांतून सरळ लाइन, म्हणजे चालत मोजायची वाट, तोडायची होती. बाई म्हणाल्या होत्या, "माणूस वाकून जाईल एवढीच तोडा. जमिनीजवळचं राहू दे."

कोयतीला अर्धं काम जमायचं नाही. तिने लाइन मुळापासून साफ केली. पायात घुसू नयेत म्हणून बुंधे जमिनीलगत सपाट छाटले. बाई कुबडी टेकत न अडखळता चालू लागल्या, म्हणून त्याही काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन कोयतीने फुशारकी मारली, "एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं." दीर ऐकत होता.

पहिला फास तिलाच दिसला. वायरीत हरणाचा मागचा पाय, हाडापर्यंत कापलेला. जनावर जिवंत होतं. ओढून ओढून त्याने भोवतालची माती उकरली होती. तिने मानेवर गुडघा रोवला आणि एका घावात गळा कापला. मग वायर सोडवून खिशात घातली. पुढे साळिंदर सापडलं, स्वतःच्याच काट्यांवर चिरडल्यासारखं. मग रानडुकराची मादी. तिचं मांस कापून नेलं होतं आणि पोटातली पिलं तिथेच टाकली होती.

कारण साधं होतं. काटे जनावरालाही टोचतात. मोकळा रस्ता मिळाल्यावर त्यांनी आपल्या वाकड्या वाटा सोडल्या. फास लावणाऱ्याला वाटा शोधायलाही लागत नव्हत्या. वायरी होत्या स्कूटरच्या ब्रेकच्या. घरात रोज मांस शिजत होतं, आणि तिने ते कुठून येतं हे विचारलं नव्हतं.

तिने खिशातली वायर बाईंसमोर टाकली. "लाइन बुजवायची, बाई."

"आत्तापर्यंतची मोजणी वाया जाईल."

"जाऊ दे. मेलेली मोजायचीत का?"

नकाशेवाल्याने स्वतःचा गळा मुठीत धरून दाखवला. बाईंनी वायर उचलली. "बुजवा. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. मला चालायला बरं वाटलं, म्हणून गप्प बसले."

"आणि मी मिरवलं," कोयती म्हणाली.

त्या संध्याकाळी दीर तिला म्हणाला, "लाइनला हात लावलास तर तोंड फोडीन."

"फोडा, भाऊजी. मी हाताने बुजवते, तोंडाने नाही."

सकाळी आम्ही दोन टोकांनी सुरुवात केली. काटेरी फांद्या तोडून आणायच्या, बुंधा आत आणि शेंडा बाहेर ठेवून एकीत एक अडकवायच्या. बुंधा बाहेर राहिला तर कोणीही धरून ओढतो. हात सोलवटून निघतात, पण दुसरा उपाय नाही. माझं टोक बरंच भरलं होतं तेव्हा मला तिची किंकाळी ऐकू आली.

मी काट्यांतून धावलो. दिराच्या हातात लोखंडी पाइप होता. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला होता, दुसरा माझ्यादेखत तोंडावर बसला. ती कोसळली नाही. रक्त आणि दात थुंकली, आणि कोयत्याची उलटी बाजू त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून आला. तो काट्यांत कुशीवर पडला. तिने त्याच्या मानेवर गुडघा रोवला आणि धार गळ्याला लावली.

"अगं, ठेव खाली!" मी ओरडलो.

"लांब राहा, दाजी!" तिचं तोंड रक्ताने भरलं होतं. धारेखाली त्याची कातडी चिरली होती. तो लहान मुलासारखा रडत होता.

बाई कुबडी फेकून फांद्यांतून सरपटत आल्या. कपडे फाटलेले, कपाळ रक्ताळलेलं. धाप लागली होती तरी त्या चढ्या आवाजात म्हणाल्या, "तू तुरुंगात गेलीस तर राहिलेली लाइन कोण बुजवणार? हे तुझे दाजी? त्यांनी निम्मे बुंधे बाहेर ठेवलेत."

ते खोटं होतं. मी एकही बाहेर ठेवला नव्हता. पण कोयतीने मान वळवून माझ्या टोकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग धार गळ्यावरून काढली, त्याच्या कमरेला गुंडाळलेल्या वायरी सपासप कापल्या आणि उठली.

त्याला पोलीस घेऊन गेले. त्याचं मनगट वाकडंच जुळलं. ती आमच्याकडे राहायला आली. जबडा फडक्याने बांधून तिने लाइन पुरी बुजवली. पुढे खुरांचे ठसे पुन्हा जुन्या वाकड्या वाटांवर दिसू लागले.

या शास्त्रातली माणसं वर्षातून एकदा एकत्र जमतात. ज्याने काम केलं त्याने ते स्वतः सांगायचं, हा बाईंचा नियम. कोयती म्हणाली, "पुढचे दात नाहीत. शिट्टी वाजते बोलताना."

बाई म्हणाल्या, "तिथे एकाला ऐकू येत नाही, एक लंगडी. हसणार कोण?"

"मला हसू येईल ना!"

तरी ती उभी राहिली. साफ लाइन म्हणजे फासाची जागा, हे तिने सांगितलं. चूक कोणाची तेही सांगितलं. मागून एक म्हातारा मोजणीदार उठला आणि म्हणाला, "आमच्याही लाइनीत वायरी सापडल्या होत्या. आम्ही बोललो नाही." मग आणखी दोघं उठले. त्या दिवसापासून बाईंच्या माणसांनी लाइन वाकडी आणि वाकूनच जाता येईल एवढी तोडायची असं ठरलं. बाईंना दोघांनी आळीपाळीने पाठीवर घ्यायचं.

तिथे ती एकदाही शिट्टी न वाजता बोलली. दातांसाठी बाई वर्गणी काढणार होत्या, तिने काढू दिली नाही. तोडण्याची आणि बुजवण्याची, दोन्हींची मजुरी तिच्याकडे होती. त्यातून तिने पुढचे सगळे दात आधीच बसवून घेतले होते.