एकोणिसावं कुलूप

दिवाकर ठवरे गेल्याचा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीत टेस्टरसाठी बॅटऱ्या घेत होतो. रविवारचे सकाळचे अकरा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी आमची तीन दिवसांची कार्यशाळा सुरू व्हायची होती. "काका, बाबा गेले," एवढंच त्याची मुलगी म्हणाली. अंगणात दाढी करता करता हृदय थांबलं होतं. चार बॅटऱ्या लागत असल्या तर मी सहा घेतो. त्या सहा मी दुकानासमोर उभा राहून पुन्हा मोजल्या... खरं सांगायचं तर तेव्हा मला रडू आलं नाही. भीती वाटली. आता शिकवणार कोण, आणि माझी चूक पकडणार कोण?

कन्हानच्या रस्त्यावरच्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही बावीस वर्षं मिळून विजेच्या सुरक्षिततेच्या कार्यशाळा घेतल्या. आधी लाइनमन यायचे, अलीकडे गच्चीवर सौर पॅनेल बसवणारी मंडळी येऊ लागली. हजेरी, साहित्य, मोजदाद माझ्याकडे, शिकवणं त्याच्याकडे. तो उमरेडच्या विणकर घरातला. "धागा तुटला त गाठ मारता येते, माणसाले नाही येत," हे त्याचं पहिल्या तासाचं पहिलं वाक्य. त्याचा नियम एकच होता. पॅनेलवर काम करायला जाणाऱ्या प्रत्येकाने मेन स्विचच्या कडीत स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली गळ्यात अडकवायची. ज्याने घातलं त्यानेच काढायचं. कडीत एकही कुलूप असेल तोवर स्विच चालू होत नाही, म्हणजे आतला माणूस जिवंत राहतो.

अकरा वर्षांपूर्वी हा नियम मी मोडायला निघालो होतो. त्या वेळी अठरा जण आले होते. जेवणानंतर चहाच्या टेबलापाशी मी डोकी मोजली, अठरा भरली. शेडमध्ये येऊन पाहतो तर कडीत एक कुलूप शिल्लक. कोणीतरी विसरला असणार, असं मी ठरवलं आणि कटर काढलं. कुलपाच्या दांडीवर पातं टेकवलं तोच पॅनेलच्या मागून आवाज आला, "काय करून राहिला गा, हिशेबनीस?"

"अठराही जण चहाले बसले आहेत. मोजले मी."

"आन मी कोन्या मोजणीत? माह्या लग्नाच्या पंगती तू मोजल्या, आता तेरवीच्याही तूच मोजतो का?"

दिवाकर मागे उकिडवा बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पॅनेलच्या आत. बाहेर येऊन त्याने माझ्या हातातलं कटर काढून घेतलं. "डोकी नोको मोजू," तो हळूच म्हणाला, "कुलपं मोज." त्यानंतर प्रत्येक कार्यशाळेत तो ही गोष्ट सांगे, पण 'एक जण होता' अशी सुरुवात करून, आणि ती सांगताना माझ्याकडे एकदाही बघत नसे. मी मागच्या खुर्चीवर बसून हजेरीपट चाळत राही.

तेरवीच्या पंगती मीच मोजल्या.

पुढे ढकललेली कार्यशाळा पाच आठवड्यांनी ठरली. शेड उघडली तर कडीत दिवाकरचं लाल कुलूप तसंच होतं. शनिवारी संध्याकाळी काहीतरी दुरुस्तीला त्याने ते घातलं असणार आणि उरलेलं काम रविवारी करायचं ठरवलं असणार. मी जरीपटक्याला त्याच्या घरी किल्ली मागायला गेलो. सुनंदावहिनी कपाटाकडे वळल्या आणि थबकल्या. "किल्ली काहून पाहिजे, भाऊजी? ज्याचं कुलूप त्यानंच काढावं, असं म्हणत होते नं ते?" त्यांनी दोरीसकट किल्ली माझ्या हातावर ठेवली.

किल्ली लावली आणि हात थांबला. शेडमध्ये मी एकटाच होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी कुलूप तसंच ठेवून मी पॅनेलच्या मागे गेलो. मागचं झाकण उघडं होतं. त्याचा हातरुमाल खाली पडला होता. आणि आत वीज वाहणाऱ्या तिन्ही पट्ट्यांना जमिनीशी जोडणारी जाड तांब्याची तार लावलेली होती, काम करताना कोणी चुकून स्विच दाबला तर जीव वाचावा म्हणून तो लावायचा ती. ती तशीच ठेवून मी स्विच चालू केला असता तर शॉर्टसर्किट होऊन सगळा भडका माझ्या तोंडावर आला असता. मी खाली बसलो. किती वेळ, ते मोजलं नाही...

त्या कार्यशाळेत ती गोष्ट मीच सांगितली. 'एक जण होता' असं न म्हणता, माझं नाव घेऊन. हल्ली कडीत मी माझ्या कुलपाबरोबर त्याचंही घालतो. सोळा जण आले तर कुलपं अठरा होतात. माझं काढतो, सगळ्यांची निघाली की नाही ते बघतो. लाल कुलूप शेवटी उरतं. ते काढण्याआधी मी पॅनेलच्या मागे जाऊन बघून येतो.