वाढप्याचं पान

माघातलं धुकं असं दाट पडलं होतं की काशीच्या पंचगंगा घाटाची एक पायरी दिसावी तर पुढची दिसू नये. रत्नाकर पालंदे वडिलांना पाठुंगळीला घेऊन उतरत होता. आधी पाऊल चाचपायचं, मग त्यावर भार टाकायचा. अण्णा त्याच्या कानाशी स्तोत्र पुटपुटत होते, आणि मधेच थांबून, "डावीकडे शेवाळ आहे रे," असं बजावत होते. म्हाताऱ्याला डोळ्यांनी फारसं दिसत नसे, पण घाट पाठ होता.

अण्णांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. काशीची हद्द ओलांडायची नाही, देह इथेच ठेवायचा. पलीकडे रामनगरला सख्ख्या पुतणीचं लग्न निघालं तेव्हाही ते नावेत बसले नाहीत, घाटावरून अक्षता तेवढ्या धाडल्या. आता गुडघे गेल्यावर गंगा गाठायची तर मुलाची पाठ लागायची. परका माणूस त्यांना चालत नसे. एकदा एका नाववाल्या मल्लाहानं हौसेनं पाठीवर घेतलं, तर वाटेत त्याला चालायचं कसं हे इतकं शिकवलं की त्यानं मधल्याच पायरीवर त्यांना उतरवून ठेवलं आणि कोपरापासून हात जोडले.

त्यामुळे दफ्तरात तबादल्याचा, म्हणजे बदलीचा, विषय निघाला की रत्नाकरला घाटाच्या पायऱ्या आठवायच्या. आणि त्या वर्षी दुसरा विषयच नव्हता.

छावणीतल्या एका सरकारी कचेरीत त्याचं आयुष्य टाइपरायटर बडवण्यात गेलं होतं. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि ज्याला ते येतं त्याला हेही येणारच, अशा हिशेबानं त्याला कॉम्प्युटरसाठी एसी लावलेल्या थंड खोलीत बसवलं. इकडे गोरखपूरच्या कचेरीत माणसं कमी पडत होती. ज्यांच्या नावावर नेमकं काम नाही त्यांना तिकडे पाठवायचं, असं दिल्लीनं ठरवलं होतं. कॉम्प्युटरवाल्याला तेवढं अभय होतं. कचेरीचे मुख्य सिंह साहेब त्याला म्हणाले होते, "पालंदे जी, ई नया मशीनवा चला दीजिए, बस. फिर आपको कौन हिलाएगा?"

आता चालवायचं म्हणजे काय करायचं, इथेच घोडं अडलं होतं. दिल्लीहून कॉम्प्युटरमध्ये घालायची एक चकती आली होती आणि सोबत सूचनांचा कागद. कचेरीतल्या सगळ्यांची नावं मशीनमध्ये आधीच एका जागी होती, तिला डिरेक्टरी म्हणायचे. आता एक नवा डेटाबेस उभा करायचा होता. त्यात प्रत्येकाची प्रोफाइल, म्हणजे माणूस कोण, काम काय करतो, बसतो कुठे. ही माहिती हातानं भरायची नाही, मशीननं आपणहून डिरेक्टरीतून उचलायची. इथवर रत्नाकरच्या डोक्यात शिरलं. पण पुढे लिहिलं होतं की मशीन काही म्हणजे काही विचारणार नाही. माउस नको, खिडक्या नकोत. जे विचारलं असतं त्याची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवा, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करा आणि बाजूला व्हा.

न विचारता काम होतं कसं, हे त्याला उमजेना. त्याच्या भिक्षुकी घरात यजमान पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा असला तरी संकल्पाच्या वेळी गोत्र विचारायचे. आणि इथे, कोणी प्रश्न केला नाही तोच उत्तरं द्यायची. तरी त्यानं एकेक उत्तर लिहिलं. डिरेक्टरी कुठली, डेटाबेस कुठे ठेवायचा, काम कोणाच्या नावानं चालवायचं. या शेवटच्या ठिकाणी त्यानं स्वतःचं नाव घातलं, कारण खोलीत दुसरं कोणी नव्हतंच.

मग एक ओळ आली, वगळायचं कोणाला? कागदावर म्हटलं होतं, कोणी नसेल तर मोकळी सोडा.

रत्नाकर विचारात पडला. सगळं बालपण ब्रह्माघाटावरच्या पंगतींत वाढपी म्हणून गेलेलं. पानं मोजताना वाढप्यानं स्वतःला धरायचं नसतं. एकदा त्यानं धरलं होतं, तर एक पान रिकामं मांडलेलं राहिलं आणि अण्णांनी चारचौघांत थोबाडीत दिली होती. इथेही वाढणारा तोच होता. बोटांनी त्या ओळीवर त्याचंच नाव टाइप करून टाकलं.

मग ती एक ओळ लिहून त्यानं एंटर दाबलं. नैवेद्य दाखवल्यावर करतात तसा दाराचा पडदा ओढला आणि बाहेर येऊन चहा प्यायला. परत येऊन बघतो तर पडद्यावर नुसती रेघ लुकलुकतेय. झालं म्हणेना, चुकलं म्हणेना. भीत भीत डेटाबेस उघडला, तर सिंह साहेब होते, खजिनदार होते, चपरासी होते, जो तो आपापल्या खोलीसह नीट बसलेला. रत्नाकरनं हुश्श केलं. त्याला घरी जाऊन गाढ झोप लागली.

शनिवारी साहेबांनी बोलावलं. चेहरा उतरलेला होता. दिल्लीनं नवा डेटाबेस पाहिला, म्हणाले, आणि त्यात बनारसला कॉम्प्युटर चालवणारा कोणी नाहीच. जागा रिकामी समजून लखनौहून माणूस येतोय. पगाराच्या जुन्या कागदात पालंदे म्हणून कोणी आहे, त्याला काम दिसत नाही, त्याला गोरखपूर.

"मैं तो यहीं खड़ा हूँ, साहब," रत्नाकर म्हणाला.

"ऊ तो हमको भी दिख रहा है. दिल्ली को नहीं दिख रहा."

सोमवारपर्यंत कागद दाबून धरतो, तोवर काय ते करा, असं म्हणून साहेबांनी त्याला वाटेला लावलं. मशीननं आपलं नाव गिळलं, एवढंच रत्नाकरला समजत होतं. का गिळलं ते समजत नव्हतं. घरी बायको, गीता, मटार सोलत बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तिनं सरळ विचारलं, सगळ्यांना घेतलं नि एकट्या तुम्हालाच कसं टाकलं? तुम्ही काही लिहिलं होतंत का? रत्नाकरला ती मोकळी सोडायची ओळ आठवली. मग हळूच म्हणाला, "वाढपी स्वतःला मोजत नाही ना."

गीताच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अहो, पण पंगत उठली की वाढपी बसतो ना? की उपाशी घरी जातो? त्याचं पान मागून मांडतात. तुमचं मांडायला दिल्लीहून कोण येणार आहे?"

आतून अण्णांनी विचारलं, गोरखपूर कोणाला म्हणालात? मला नाही यायचं.

"तुम्हाला नाही हो अण्णा. मला."

आत खाट कुरकुरली. मग म्हातारा म्हणाला, "मग मी बसून राहीन इथे. भाद्रपदात येतेच गंगा वरपर्यंत. तोवर थांबेन."

सोमवारी रत्नाकर सगळ्यांच्या आधी थंड खोलीत पोचला. ओळ पुन्हा तशीच चालवली तर सगळी कचेरी दुप्पट होईल की काय, अशी त्याला भीती वाटली. शेवटी त्यानं उत्तरांची फाइल बदलली. वगळायची ओळ मोकळी केली, आणि डिरेक्टरीतून एकच माणूस उचल असं लिहून तिथे आपलं नाव घातलं. या खेपेला तो जागचा हलला नाही. मशीन मात्र तसंच मुकं. डेटाबेस उघडला, तर सगळ्यांच्या खाली एक ओळ आली होती, पालंदे रत्नाकर नरहर, कॉम्प्युटर, थंड खोली. ती त्यानं परक्या माणसाची वाचावी तशी वाचली.

सिंह साहेबांनी त्याच्यासमोरच दिल्लीला फोन लावला. अब देखिए, म्हणाले. मग बराच वेळ नुसतं हाँ, हाँ. फोन ठेवून म्हणाले, "लीजिए पालंदे जी, आप हो गए."

"और गोरखपुर?"

"अब आप यहाँ हैं, तो वहाँ कैसे जाएँगे?"

रत्नाकरनं मान हलवली. शुक्रवारीही आपण इथेच होतो, शनिवारी या खुर्चीसमोर उभे होतो, मग आज असं काय झालं, हे त्याला विचारायचं होतं. पण साहेबांनी दुसरा कागद ओढला होता आणि ते कोणाला तरी हाक मारत होते. तो बाहेर आला. सायकलवरून येताना चौकाचा सगळा बाजार त्यानं मनातल्या मनात हेच उलटंसुलटं करत ओलांडला. नाव आधी की माणूस आधी? धागा काही सापडेना.

गीताला सांगितलं, राहिलो. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, डोळे टिपले, आणि गव्हाचा डबा पुढे सरकवला. पीठ संपलं होतं. तो कपडे न बदलताच गल्लीतल्या गिरणीवर गेला. वीज गेलेली होती, पुढे माणसं उभी होती. डबा पायाशी ठेवून रत्नाकर शेवटच्या माणसाच्या मागे उभा राहिला आणि जाडं दळू का बारीक, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते आठवू लागला.