अक्रोड चाखणारी

माझ्या जाऊबाईला चोर म्हणाले. तोंडावर म्हणाले असते तर तिनं तोंडावर उत्तर दिलं असतं, पण तसं म्हणायला छातीत दम असावा लागतो. म्हणून भिंतीवर फोटो लावला. हॉटेलच्या मागच्या दारापाशी, जिथं आम्ही हजेरीसाठी अंगठा लावतो, बरोब्बर त्या यंत्राच्या वर. फोटोत ती डोळे मिटून काहीतरी चघळतेय, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'कामाच्या वेळेत खाणे ही चोरी आहे.' नाव घातलं नव्हतं. नाव कशाला हवं? बावीस वर्षं ती त्या टेबलामागं उभी आहे. तिथल्या उंदरांनासुद्धा तिचा चेहरा पाठ असेल.

जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आमचंही पटायचं नाही. ती मोठी, मी धाकटी. ती टॉवेलची घडी चार वेळा कोपऱ्याला कोपरा जुळवून घालणार, मी बोळा करून फेकणार. सासूबाई म्हणायच्या, "एकीच्या तोंडाला कडी आणि दुसरीच्या तोंडाचं फाटक सताड उघडं." दुसरी म्हणजे मी. चार वर्षांपूर्वी तिनंच मला या हॉटेलात भांड्यांच्या सिंकवर लावून दिलं, तेव्हापासून आठ तास कामावर आणि उरलेले घरात, आम्ही एकमेकींच्या समोर. इतकं समोर राहिल्यावर माणूस एक तर वैरी होतो नाही तर सख्खा. आम्ही दोन्ही होऊन बघितलं.

आमचं स्वयंपाकघर तळघरात आहे. खिडक्या वर, छताला लागून. त्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसतात. पानगळ सुरू झाली की वाळकी पानं काचेशी साचतात, आणि जाऊबाई मान वर करून म्हणते, "आले गं दिवस." म्हणजे तिच्या सॅलडचे. नासपती, सफरचंद, थोडी कडवट हिरवी पानं, निळ्या शिरांचं चीज, वरून भाजलेले अक्रोड, आणि लिंबू, मध, तेल घुसळून केलेली पातळ चटकदार धार. ते खायला लोक वर्षभर थांबतात. वर, जेवणाच्या हॉलमध्ये, शेफला बोलावून शाबासकी देतात. शेफही ती घेतो. घेऊ दे बापडा.

ती इथं आली तेव्हा तिनं असलं चीज जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिनं पराक्रम केला. फ्रिज उघडला तर आत भलीमोठी चकती, आणि तिच्यात आरपार निळी-हिरवी बुरशी! बाईनं इकडं पाहिलं नाही, तिकडं पाहिलं नाही, अख्खी चकती वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली, फ्रिजचा कप्पा गरम पाण्यानं धुतला, आणि तेव्हाच्या म्हाताऱ्या शेफला हळूच सांगितलं, "घाबरू नका, कुणाला कळायच्या आत टाकून दिलंय." म्हातारा मटकन बटाट्याच्या पोत्यावर बसला. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

हाकललं नाही त्यानं. दुसऱ्या दिवशी तसल्याच चीजचा एक तुकडा आणला. आधी नुसता तो खायला दिला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मग नासपतीची फोड, चीज आणि अर्धा अक्रोड असं एका घासात दिलं, आणि तिनं दुसऱ्या घासासाठी हात पुढं केला. म्हणाला, "वेगवेगळे राहिले तर भांडतात, एकत्र आले की संसार करतात. आता हे थंड टेबल तुझं. इथून जे वर जाईल त्याला तुझी जीभ जबाबदार. नाकावर भरवसा ठेवायचा नाही, डोळ्यांवर तर अजिबात नाही."

म्हातारा गेला, पण तो नियम तिनं मोडला नाही. अक्रोड हा मोठा लबाड जिन्नस. दिसायला छान, भाजला की वासही छान, आणि आत खवट असतो. खवटपणा लगेच कळत नाही. आधी गोड लागतं, मग काहीच लागत नाही, आणि मग घशाच्या मागून येतो तो कडू, तेलकट, जुनाट वास. म्हणून ती प्रत्येक पोत्यातला एक वरचा, एक मधला, एक तळाचा काढते. बारीक चावते, डोळे मिटते आणि मनात दहा मोजते. मग माझ्या सिंकपाशी येते, शेजारच्या डब्यात थुंकते, चूळ भरते, आणि पुढचा. चांगला निघाला तरी थुंकते. "गिळला की पुढच्याची चव लागत नाही," म्हणते.

आणि ऐका, तिला अक्रोड आवडतच नाहीत! तोंड येतं तिला त्यानं. पानगळीचे दोन महिने जिभेला मलम लावून झोपते ही बाई. ही म्हणे चोरी करते. अहो, चोरणारा काही आवडीचं तरी चोरेल ना!

नवा मॅनेजर उन्हाळ्यात आला. आम्ही त्याचं नाव टापटीप ठेवलं, कारण चकाचक बूट आणि हातात कायम एक पुसायचा रुमाल. त्यानं आल्याआल्या कॅमेरे बसवले. एक थंड टेबलाच्या डोक्यावर. माझं सिंक मात्र खांबाच्या आड येतं. म्हणजे जाऊबाई चावताना कॅमेऱ्याला दिसली, थुंकताना दिसली नाही, आणि तोच फोटो भिंतीवर लागला. तिनं त्याला सांगून पाहिलं, "साहेब, मी चाखते, खात नाही." तो म्हणाला, "तोंडात घातलं म्हणजे खाल्लं. यापुढं काम करताना तोंडात काहीही जायला नको." विषय संपला.

थुंकताना तिला बघणारी एकच होती. मी.

मग मी काय केलं? माझ्यासारखी तोंडाळ बाई, भाजीवाल्याशी वजनावरून अर्धा तास भांडणारी, तिनं काय केलं? मूग गिळून गप्प बसले. माझी नोकरी कच्ची. पक्की करायचा अर्ज त्याच टापटीपच्या टेबलावर सहीसाठी पडलेला. रोज सकाळी त्या फोटोखाली अंगठा लावायचे आणि खाली मान घालून आत जायचे. स्वतःचीच चीड यायची, आणि ती मी भांड्यांवर काढायचे. दोन बशा फुटल्या.

घरी भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचे, "जाऊ दे गं, निवृत्तीला तीन वर्षं तर राहिली. कशाला वाकड्यात शिरायचं?" ती टॉवेलच्या घड्या घालत राहायची. पण फोटो लागल्याच्या पाचव्या दिवशी तिची लेक हॉटेलात आली. आईचा चष्मा घरी राहिला होता तो द्यायला. आली ती नेमकी मागच्या दारानं. चष्मा हातात घेऊन फोटोपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हे काय आहे?"

जाऊबाईनं हात पुसले. म्हणाली, "कामाचा फोटो आहे."

लेक शिकलेली आहे, तिला वाचता येतं. ती चष्मा ठेवून निघून गेली.

नवव्या दिवशी वर ऐंशी जणांचं जेवण होतं, आणि मागणी त्याच सॅलडची. सकाळपासून जाऊबाईचा सुरा चालू. सफरचंदं झाली, पानं धुऊन कोरडी झाली, चीज चुरून तयार. नासपती ती सगळ्यात शेवटी चिरते, कारण चिरल्यावर लिंबाच्या पाण्यातून काढली की थोड्याच वेळात काळी पडायला लागते. ती चिरून परातीत पसरली. आता फक्त अक्रोड. पोतं नुकतंच फोडलेलं होतं, टापटीपनं स्वतः आणवलेलं, आणि उन्हाळाभर बॉयलरच्या खोलीत ठेवलेलं. तिथं मेणबत्तीसुद्धा वाकते.

तिनं मूठभर हातात घेतले आणि थांबली. शेफ चुलीवरून ओरडला, "हुंगून टाक ना!"

"हुंगून कळत नाही," ती म्हणाली.

मी सिंक सोडून तिच्याजवळ गेले. म्हटलं, "ताई, पाठव तसेच. होऊ देत ऐंशी तोंडं वाकडी. मग कळेल त्याला चाखणं म्हणजे काय."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी परातीत थुंकलेय. "त्या ऐंशी जणांनी माझं काय घोडं मारलंय?" म्हणाली. "जा, साहेबांना बोलाव."

टापटीप रुमाल घेऊन खाली आला. ती म्हणाली, "साहेब, मला तोंडात घालायची बंदी आहे. पण चाखल्याशिवाय मी बशी वर पाठवत नाही. तुमचा नियम आहे, तर तुम्ही चाखा."

सगळ्यांचे हात थांबले होते. त्याला हसावं की रागवावं कळेना. त्यानं एक अक्रोड उचलला, दोनदा चावला आणि गिळला. "उत्तम आहे. पाठवा."

"थांबा," जाऊबाई म्हणाली, आणि मोठ्यानं मोजायला लागली. "एक. दोन. तीन."

"हे काय चाललंय?"

"चार. पाच."

"बाई, वर लोक बसलेत, मी यांच्यापुढं..."

"सहा. सात."

सातला त्याचं बोलणं तुटलं. आठला त्यानं आवंढा गिळला. नवाला नाक मुरडलं, आणि दहा म्हणायच्या आत तो खांबाआड माझ्या सिंकवर वाकून खाकरत होता. मी नळ सोडून दिला. माणुसकी म्हणून.

रुमालानं तोंड पुसत तो म्हणाला, "सकाळपासून पित्त झालंय मला."

आणि मग माझं फाटक उघडलं! म्हटलं, "पित्त? याच सिंकपाशी ही बाई रोज थुंकते, ते काय पित्त असतं? चार वर्षं बघतेय मी. एक अक्रोड गिळलेला नाही तिनं. तोंड सोलवटून घेते, तुमच्या गिऱ्हाइकांच्या घशाखाली घाण जाऊ नये म्हणून. तुमच्या कॅमेऱ्याला खांब आडवा येतो, मला नाही येत! तिला चोर म्हणायला लाज वाटली नाही?" आणखीही बरंच बोलले. नळ तसाच वाहत होता.

तो शेफकडं बघून म्हणाला, "बरं, बदलून टाका अक्रोड. उशीर होतोय."

जाऊबाईनं सुरा खाली ठेवला. एप्रनला हात पुसले आणि हाताची घडी घालून उभी राहिली. "आधी तो फोटो काढा," म्हणाली.

"नंतर बघू."

"नासपती काळी पडतेय, साहेब."

खरंच पडत होती. फोडींच्या कडांना तपकिरी रेघ यायला लागली होती. शेफनं परातीकडं पाहिलं, वर जाणाऱ्या जिन्याकडं पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या बाजूनं तोंड उघडलं: "साहेब, हे टेबल तिचं आहे. माझ्यानं होणार नाही." मी फोटोकडं धावले तर तिनं मला दरडावलं, "तू हात लावायचा नाहीस. ज्यानं लावला त्यानंच काढायचा."

चार टाचण्या होत्या. टापटीपची नखं बारीक कापलेली, त्यामुळं एकही लवकर निघेना. आम्ही सगळे बघत उभे. चौथी निघाली तशी जाऊबाईनं सुरा उचलला. खवट अक्रोड पोत्यासकट कचऱ्यात गेले. केकच्या टेबलावरून बदाम आणले, तीन चाखले, तीन थुंकले, तेही कॅमेऱ्याकडं तोंड करून, आणि भाजायला टाकले. काळ्या कडा एकेक करून छाटल्या. दहा मिनिटं उशीर झाला. ऐंशी बशा वर गेल्या, ऐंशी पुसल्यासारख्या रिकाम्या माझ्या सिंकवर आल्या. शेफला वर बोलावलं. या वेळी तो तिला हाताला धरून घेऊन गेला.

माफी? छे! टापटीप आजपर्यंत 'चुकलो' म्हणालेला नाही. माझा अर्ज अजून त्याच्या टेबलावर आहे, आणि राहू दे, त्याची पानगळ झाली तरी मी विचारायला जाणार नाही.

फोटो मी फाडणार होते. तिनं हिसकावून घेतला. खालची ओळ कात्रीनं कापली आणि वरचा भाग घरी आणून लेकीच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "बावीस वर्षांत माझा काम करतानाचा फोटो कुणी काढला होता? बघ, दहा मोजतेय मी यात." लेकीनं तो कपाटाच्या काचेला आतून चिकटवलाय.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. मला राहवेना. म्हटलं, "ताई, मी आधीच बोलायला हवं होतं. पहिल्याच दिवशी."

तिनं एक शेंग मोडली, तिच्या दोऱ्या काढल्या. मान वर न करता म्हणाली, "हो, हवं होतं." आणि पुढची शेंग उचलत, "साहेबाला नऊ आकडे लागले. तुला नऊ दिवस. पण थुंकलीस ना शेवटी? मग झालं. त्या शेंगा नीट बघून टाक, किडक्या आहेत त्यात."