पालकाची सही

शिवकन्याचा पाय कधी थांबत नसे. पंचवीस वर्षं हिंगोलीत ब्लाऊज शिवून त्याला मशीनची सवय लागलेली. जेवताना, टीव्ही बघताना, अगदी मयताच्या बैठकीतसुद्धा तो आपला खालीवर चालूच. "एका जागी बूड टेकत जाय की जरा," असं तिचा नवरा देविदास म्हणायचा. बूड टेकायचं राहिलंच बाजूला, त्रेचाळिसाव्या वर्षी बाई उठली ती थेट टेनिसच्या वर्गात नाव घालायला.

रोज सकाळी फिरायला जाताना मैदानाच्या जाळीपलीकडं चेंडू ठप्पकन आपटायचा आणि हिचा जीव तिथंच घुटमळायचा. अशात मोठ्या माणसांसाठी नवशिक्यांचा वर्ग निघाला. जागा बाराच, अर्ज शनिवारपर्यंत. गुरुवारी तिनं मैदानाच्या ऑफिसात जाऊन फॉर्म मागितला. तो लेकरांसाठी छापलेलाच पुढं सरकवला होता, तळाला ओळ होती: पालकाची सही.

"मला आता कुठला पालक?" तिनं खिडकीतल्या बाईंना विचारलं.

"मोकळं ठेवलं तर कंप्युटर घेत न्हाई, ताई. घरातल्या कुणाचीबी आणा."

देविदासनं हसत हसत केली असती. तिनं स्वतःच खरडली असती तरी कोण विचारणार होतं? पण ती ओळ बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली. पंधराव्या वर्षी शिरड शहापूरला शाळेत असताना जिल्ह्याच्या खो-खो संघात तिची निवड झाली होती, आणि त्या कागदावरही हीच ओळ होती. वडिलांनी, तातेरावांनी, कागद हातातसुद्धा घेतला नाही. "पोरीच्या जातीनं गावोगाव हिंडायचं न्हाई," म्हणाले. तिच्या जागी दुसरीच गेली. अठ्ठावीस वर्षं ते आत ठसठसत होतं. आता सही घ्यायची तर त्याच हाताची.

शुक्रवारी तिनं एका ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लावल्या, उसवल्या आणि पुन्हा उलट्याच लावल्या. शनिवारी पहिल्या एसटीनं माहेरी, शिरड शहापूरला निघाली. औंढ्यापर्यंत मनात भांडण जुळवलं आणि औंढा सुटल्यावर धीरच सुटला. म्हातारा ऐंशीचा. पुन्हा नाही म्हणाला तर?

तातेराव ओसरीवर बसले होते. तिनं पाणीही न पिता फॉर्म पुढं केला. "बाबा, सही पाहिजे. खेळायला जायचंय मला."

त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "तवाचाच हाय का ह्यो?"

"तसलाच. तवा काहून केली न्हाई सही? पोरगी होते म्हणून?"

"सही येत कुठं व्हती मला?" म्हातारा खाली बघत म्हणाला. "मास्तर अंगणात उभा, संगं तुह्या मैतरणी. त्यायच्यापुढं अंगठा उठवायची लाज वाटली. मंग तोंडाला आलं ते बोललो. तुहं नुकसान केलं, माय."

बाप अंगठेबहाद्दर होता हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण या दोन गोष्टींचा सांधा तिनं कधी जोडलाच नव्हता. तिला रडू आलं, आणि रागही आला. एका अंगठ्यापायी!

"पेन दे," तातेराव म्हणाले. "तू सासरी गेल्यावर साक्षरतेच्या वर्गात बसलो. पंचावन्न वर्साचा व्हतो. गाव हसून राहिलं व्हतं."

एकेक अक्षर थांबून, निरखून, त्यांनी नाव लिहिलं आणि वरची रेघ शेवटी ओढली. बराच वेळ लागला. तेवढा वेळ शिवकन्याचा पाय थांबला होता, आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"किती दिवस शिकिवतात?"

"तीन महिने."

"मला निस्तं नाव लिव्हायला चार लागले." त्यांनी फॉर्म तिच्या हातात दिला. "लोक हसतील. वर्ग सोडू नको."