हेड, कमान आणि मिठाच्या गोण्या

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो, तसे कारखान्यात किस्से साचतात. कितीही झाडा, चार दिवसांनी पायाला टोचतातच!

अमेरिकेत तीन वर्षं इंजिनांचं शिक्षण घेऊन मी परतलो, तेव्हा वाटलं होतं, नकाशांची मोठी टेबलं असतील, मोजमापाची यंत्रं असतील, माझी वाट बघणारी माणसं असतील. निघाली कोलशेतच्या खाडीवरची एक कौलारू शेड, हाताने चाक फिरवून चालवायचा लेथ आणि आठ माणसं. माझी वाट कोणीच बघत नव्हतं.

शेठने मात्र पहिल्याच भेटीत बजावलं, "आपली वाफेची बोट भर ओहोटीत, पाणी कापत, कल्याण बंदरात वेळेवर पोचली तर कारखाना चालू. नाहीतर कुलूप!"

बोट दमदार करायचं काम माझ्याकडे आलं. मी खूश! देशाची प्रगती आता कोलशेतहूनच सुरू होणार, असं मी घरी सांगूनसुद्धा टाकलं.

* * *

मी इंजिन उघडून बघितलं. सिलिंडरच्या तोंडावरचं बिडाचं झाकण जुनं झालेलं, वाढीव वाफेला टिकणार नाही. आम्ही तिकडे त्या झाकणाला 'हेड' म्हणायचो. सगळ्यांसमोर मी मोठ्याने म्हणालो, "हेड म्हातारं झालंय. बदलून टाकू!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी धर्मा मिस्त्री हत्यारांचं गाठोडं बांधून दारात उभे. कारखान्याचे हेड मिस्त्री ते, वय साठीच्या पुढे.

"मना काढाचा हाय त तोंडावर सांगाचा, साहेब. चार मानसांत म्हातारा कशाला बोलाचा?"

समजूत घालण्यात अर्धा दिवस गेला. तेव्हापासून आमच्याकडे 'हेड' बंद. फक्त झाकण!

* * *

मुंबईहून दोन झाकणं ओतून आली. मी त्यातलं गुळगुळीत, चकचकीत निवडलं. मिस्त्रींनी दोन्ही दोराला टांगून हातोडीने हलकेच ठोकली. एक टणकन वाजलं. माझं नुसतंच 'थप्प'!

"या बोलत नाय," मिस्त्री म्हणाले.

"झाकणाने काय भाषण करायचं?" मी म्हणालो. बाकीचे हसले. मिस्त्री हसले नाहीत.

त्यांनी माझ्या झाकणाला तेल चोळलं, पुसलं, वर खडूची पूड फासली. थोड्या वेळाने पांढऱ्यातून केसाएवढी काळी रेघ वर आली. चीर!

"बोल्ला," मिस्त्री म्हणाले.

* * *

मग कमानीची, म्हणजे स्प्रिंगची निवड. बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह एका कमानीने दाबून धरलेला असतो. वाफेच्या दाबाचा काटा लाल रेघेपर्यंत चढला की कमान दबते, व्हॉल्व्ह उघडतो, जादा वाफ फुर्रकन बाहेर! कमान जितकी कडक, तितकी वाफ आत कोंडून राहते.

कमान तपासायला वजनं कुठून आणणार? मी मिठागरातून मिठाच्या चार गोण्या आणवल्या, बाजारात तोलल्या, कमानीवर रचल्या. हवी तेवढीच दबली. दहा दिवसांनी पुन्हा त्याच गोण्या रचल्या, तर कमान जास्तच दबली.

"थकली ही!" मी जाहीर केलं आणि दुसरी, कडक कमान बसवली.

चाचणीला आम्ही सगळे बोटीवर. काटा लाल रेघेवर आला. व्हॉल्व्ह उघडेना. काटा रेघ ओलांडून पुढे गेला. व्हॉल्व्ह गप्प. बॉयलरच्या पत्र्यातून कुरकुर ऐकू आली!

मिस्त्री वाकले, फावड्याने भट्टीतले निखारे ओढून खाडीत फेकत राहिले. काटा उतरला तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

शेडमध्ये येऊन त्यांनी गोणीवर हात दाबला आणि ओला तळवा मला दाखवला.

"कमान नाय थकली, साहेब. गोनी पानी पिलीय!"

खाडीच्या हवेने मीठ ओलं होऊन जड झालेलं. जुनी कमान अगदी ठीक होती.

* * *

शेठना हे कळलं आणि ते चक्क खूश झाले!

"म्हणजे ही नवी वाफ जास्त धरते? मग हीच राहू द्या! उद्या बोट मिस्त्री आणतील. तुम्ही माझ्याबरोबर कल्याणच्या धक्क्यावर उभे राहा."

"आनतो," मिस्त्री म्हणाले.

शेठ गेल्यावर मी त्यांना म्हणालो, "मिस्त्री, कडक कमानीवर बॉयलर फुटेल! हो कसं म्हणालात?"

"आठ घरा हायेत, साहेब," ते म्हणाले आणि झाकणाचे बोल्ट आवळायला लागले.

सकाळी शेठ मला न्यायला टांगा घेऊन आले, तेव्हा मी कडक कमान काढून जुनी बसवली होती.

"शेठ, बोट उशिरा पोचेल."

"उशिरा? किती उशिरा?"

"मिस्त्री आणि मी दोघंही स्वतःच्या पायांनी उतरू, इतक्या उशिरा!" असं म्हणून मी बोटीत चढलो.